सारखे गुण, निराळे क्रमांक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षण पुरवणीतल्या, जावा या प्रोग्रामिंग भाषेवरच्या लेखमालेचा ‘ऑब्जेक्टची तुलना आणि क्रमवारी’ हा भाग वाचला. प्रोग्रामिंगवर मराठीतून असे लिखाण वर्तमानपत्रात येते याचे कौतुक आहेच. पण याच भागातले उदाहरण विद्यार्थी जसेच्या तसे उतरवून घेणार, आणि त्यातल्या चुका दहा नावांच्या यादीवर दिसत नाहीत. त्या हजार नावांवर दिसतात, तेव्हा यादी सूचनाफलकावर लागलेली असते. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

उदाहरण गुणवत्ता यादीचे आहे. ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा साचा), त्यात आसन क्रमांक, नाव आणि टक्के. क्लास ‘कंपेरेबल’ आहे, म्हणजे त्याच्या ऑब्जेक्टची आपसांत तुलना होते, आणि ती तुलना करणाऱ्या ‘कंपेअरटू’ मेथडमध्ये एका विद्यार्थ्याच्या टक्क्यांतून दुसऱ्याचे टक्के वजा करून उत्तर पूर्णांकात बदलून परत केले आहे. ‘कंपेअरटू’ला पूर्णांकच परत करायचा असतो, त्यामुळे हा बदल केल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. नेमके तिथेच पाणी मुरते.

एकाला ८८.६ टक्के, दुसरीला ८८.२. वजाबाकी ०.४ च्या आसपास. पूर्णांकात बदलताना जावा दशांश भाग सरळ कापून टाकते, तेव्हा उत्तर शून्य, आणि शून्याचा अर्थ ‘दोघे सारखे’. सॉर्ट करताना असे दोघे आधी ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने राहतात. म्हणजे ८८.२ वाली अर्जांच्या फाइलमध्ये आधी असेल तर यादीतही ८८.६ वाल्याच्या वर बसेल. याहून वाईट गोष्ट तिघांत घडते. ८८.० आणि ८८.६ सारखे, ८८.६ आणि ८९.२ सारखे, पण ८८.० आणि ८९.२ मात्र वेगळे! ‘कंपेअरटू’चा करार असा की पहिला दुसऱ्याशी शून्य आला, तर तिसऱ्या कोणाशीही त्या दोघांची तुलना एकाच दिशेने यायला हवी. इथे तो करार मोडला.

करार मोडल्यावर जावा ओरडते का? कधी कधी. २०११ साली आलेल्या जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या याद्या टिमसॉर्टने लावल्या जातात. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेली ही पद्धत. दोन लावलेले तुकडे एकत्र करताना तिला विसंगती आढळली तर ‘तुलनेची मेथड तिचा करार मोडते आहे’ अशा अर्थाचा अपवाद (चूक कळवणारे एक्सेप्शन) फेकला जातो आणि प्रोग्राम थांबतो. मात्र ३२ पेक्षा कमी घटक असले की टिमसॉर्ट तुकडे करतच नाही, एकेक घटक त्याच्या जागी घुसवत साध्या बायनरी इन्सर्शनने काम उरकते. तिथे हा अपवाद येऊच शकत नाही. प्रयोगशाळेत दहा-वीस नावांवर चालवून ‘चालतंय’ असा शेरा मिळालेला कोड खऱ्या डेटावर पडतो तो यामुळे. आणि मोठ्या यादीतही विसंगती सापडेलच याची हमी नाही; न सापडली तर चुकीची यादी मुकाट छापून येते.

टक्के सोडून निव्वळ पूर्णांक घेतले तरी वजाबाकीची सवय बरी नव्हे. जावाचा इंट हा पूर्णांकाचा प्रकार जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ पर्यंत जातो. २ अब्जातून उणे ५० कोटी वजा केले तर यायला हवे २.५ अब्ज, येते उणे १,७९४,९६७,२९६. मोठा तो छोटा ठरला. गुणांच्या बाबतीत हे घडणार नाही, मान्य. पण मुलगा हीच ओळ उद्या बँकेच्या शिल्लकीला लावणार. ‘इंटिजर’ क्लासची ‘कंपेअर’ आणि ‘डबल’ क्लासची ‘कंपेअर’ याच कामासाठी आहेत, त्या वापराव्यात. ‘कंपेअरटू’ने उणे एक, शून्य, एक यांपैकीच काही द्यावे असाही नियम नाही, फक्त चिन्ह पाहायचे: उणे म्हणजे पहिला लहान, अधिक म्हणजे मोठा. ‘क’ची ‘म’शी तुलना केली तर स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या प्रकाराची, ‘कंपेअरटू’ उणे २५ देते. निकाल उणे एकाच्या बरोबर आहे का, असे तपासणारी अट लेखात एके ठिकाणी आहे. ती ‘शून्याहून कमी’ अशी हवी.

खरे तर टक्के साठवूच नयेत. ५०० पैकी ४४३ असा पूर्ण आकडा साठवला की दशांशाची कटकट संपते. परीक्षा वेगवेगळ्या एकूण गुणांच्या असतील, तर भागाकार न करता तिरकस गुणाकार करावा. एकाचे ५०० पैकी ४४३, दुसऱ्याचे ६०० पैकी ५३१. ४४३ गुणिले ६०० म्हणजे २,६५,८००, आणि ५३१ गुणिले ५०० म्हणजे २,६५,५००. पहिला पुढे. कुठेही पूर्णांकन नाही, त्यामुळे त्यावरून वादही नाही. ‘बिगडेसिमल’ हा अचूक दशांशाचा प्रकार वापरायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात असावी: त्याच्या लेखी ८८.५ आणि ८८.५० हे ‘इक्वल्स’ या समानता तपासणाऱ्या मेथडला वेगळे आणि ‘कंपेअरटू’ला सारखे. दुबार घटक न ठेवणाऱ्या संचांपैकी ‘इक्वल्स’ पाहणाऱ्या हॅशसेटमध्ये दोन्ही राहतात, तुलनेने क्रम लावणाऱ्या ट्रीसेटमध्ये एकच.

आता याच ट्रीसेटकडे वळतो, कारण लेखातली सर्वात महागात पडणारी ओळ तिथे आहे. ‘सतत क्रमाने हवे असतील तर विद्यार्थी ट्रीसेटमध्ये ठेवा,’ असा सल्ला दिला आहे. ट्रीसेट ‘इक्वल्स’कडे ढुंकूनही पाहत नाही. तुलना शून्य आली की नवा घटक आधीच आहे असे मानून तो आत घेत नाही. अपवाद नाही, इशारा नाही. ‘ॲड’ मेथड फक्त ‘फॉल्स’ परत करते आणि ते उत्तर कोणी वाचत नाही. तुलना केवळ गुणांवर असेल, आणि गुण ० ते ५०० पूर्णांकांत असतील, तर अर्ज दहा हजार येवोत की लाख, ट्रीसेटमध्ये ५०१ पेक्षा जास्त विद्यार्थी मावणारच नाहीत. बाकीचे गायब. कीच्या नावापुढे नोंद ठेवणाऱ्या ट्रीमॅपमध्ये विद्यार्थी ही की असेल तर प्रकार आणखी फसवा: जुन्या विद्यार्थ्याच्या नावापुढे नव्याची नोंद लागते.

यावर लेखकाने पुढच्या परिच्छेदात तोडगा सुचवला आहे: गुण सारखे आले तर नावावरून तुलना करा. त्याने ट्रीसेट बराचसा सावरतो (सारख्या नावाचे आणि सारख्या गुणांचे दोघे आले की पुन्हा एक जण गळतोच), पण नवा अन्याय होतो. लेखातल्या कोडने क्रमांक दिले आहेत ते यादीतल्या जागेवरून. ४८७ गुण मिळवणाऱ्या दोघींपैकी ‘अ’ची पहिली आणि ‘स’ची दुसरी, कशामुळे? तर अक्षरामुळे. गुणवत्ता यादीत याला काही आधार नाही. कोणत्या ओळीखाली कोणती ओळ छापायची आणि कोण कोणाच्या पुढे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला काहीतरी ठाम उत्तर लागते, नाहीतर आजची यादी उद्या वेगळी दिसेल. दुसऱ्याचे उत्तर फक्त गुण आणि प्रवेशाच्या नियमांत लिहिलेले निकष. म्हणून क्रमांक देताना यादीत लगेच वर असलेल्या विद्यार्थ्याचे गुण पाहायचे: सारखे असतील तर त्याचाच क्रमांक, नसतील तर यादीतली जागा. दोघी पहिल्या, तर पुढचा तिसरा. छापण्याच्या क्रमासाठी आसन क्रमांक सर्वात चांगला. तो वेगवेगळाच असतो, आणि त्यावरून कोणी कोणाच्या वरचढ ठरत नाही हे वाचणाऱ्यालाही कळते.

इथे आमचे मत स्पष्ट सांगतो: ‘विद्यार्थी’ क्लास कंपेरेबल करूच नये. कंपेरेबल म्हणजे त्या प्रकाराचा स्वाभाविक क्रम. तारखेला तो आहे, आसन क्रमांकाला आहे. विद्यार्थ्याला कुठला? गुणांवर, उंचीवर, हजेरीपटावर, प्रत्येक यादी वेगळी. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून ‘कंपेरेटर’, म्हणजे क्लासबाहेर लिहिलेल्या तुलना, जोडत लिहिता येतात, तेव्हा प्रत्येक यादीसाठी वेगळा कंपेरेटर करून त्याला नीट नाव द्यावे. गुणवत्ता यादीसाठी ‘कंपेरिंगइंट’ला गुण, मग ‘रिव्हर्स्ड’, मग ‘देनकंपेरिंग’ला आसन क्रमांक. हाच क्रम ठेवायचा. ‘रिव्हर्स्ड’ त्याच्या आधीची सगळी साखळी उलटवते; ते शेवटी टाकले तर आसन क्रमांकही उतरत्या क्रमाने येतात. शिवाय साखळीच्या सुरुवातीला लॅम्डा (बिननावाची छोटी मेथड) लिहून लगेच ‘रिव्हर्स्ड’ जोडले तर कंपायलरला लॅम्डातला घटक कोणत्या प्रकारचा हे ओळखता येत नाही आणि तो चूक दाखवतो. तिथे दोन अपूर्णविरामांचा (::) मेथड रेफरन्स, म्हणजे मेथडचा नावाने उल्लेख, द्यावा किंवा घटकाचा प्रकार स्वतः लिहावा. ज्यांचे गुण अजून आलेलेच नाहीत त्यांच्यासाठी ‘नल्सलास्ट’ आहे. ते न लावता तुलना केली तर नल (म्हणजे किंमतच नाही) पॉइंटरचा अपवाद ठरलेला.

‘इक्वल्स’बद्दल लेखात एकच वाक्य आहे, आणि ते म्हणते की क्रमवारी लावायची असेल तर ‘इक्वल्स’ची गरज नाही. सॉर्टपुरते खरे. पण तीच उदाहरणातली माणसे पुढे दोन फाइलींतून वाचून ‘दुबार अर्ज’ काढण्यासाठी हॅशसेटमध्ये घातली आहेत! ‘इक्वल्स’ लिहिले नाही तर जावा फक्त एवढेच पाहते की दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहे का. एकाच मुलीचे दोन फाइलींतून बनलेले दोन ऑब्जेक्ट तिच्या लेखी दोन मुली. ‘इक्वल्स’ लिहिले आणि ऑब्जेक्टसाठी एक आकडा काढून देणारी ‘हॅशकोड’ मेथड विसरले, तरी तेच. हॅशसेट आधी हॅशकोडवरून कप्पा शोधतो, आणि वेगळ्या कप्प्यात पडलेल्या दोघींची गाठच पडत नाही. दोन्ही मेथड एकाच माहितीवर हव्यात. इथे आसन क्रमांकावर. तो आसन क्रमांक फायनल (न बदलता येणारा) असावा. सेटमध्ये घातल्यावर बदलला तर ऑब्जेक्ट आत असूनही सापडत नाही.

‘इक्वल्स’ मेथडचा घटक (पॅरामीटर) ‘विद्यार्थी’ प्रकारचा लिहिण्याची चूक तर प्रत्येक वर्गात होते. ‘इक्वल्स’ला ‘ऑब्जेक्ट’ प्रकारचाच घटक घ्यायचा असतो. ‘विद्यार्थी’ लिहिला की ती नवीनच मेथड होते, जुनी जागची हलत नाही, आणि हॅशसेट जुनीलाच हाक मारतो. वरती ‘ओव्हरराइड’ ही खूण टाकली की कंपायलर लगेच पकडतो. एका शब्दाचे काम आहे, न टाकण्याला काही कारण नाही. जावा १६ मधले रेकॉर्ड (निव्वळ माहिती ठेवणारे आटोपशीर क्लास) ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ स्वतः बनवून देतात, पण सगळ्या फील्डवर. नावातली ऱ्हस्व-दीर्घाची एक दुरुस्ती झाली की तोच विद्यार्थी दुसरा ठरतो. तेव्हा रेकॉर्डमध्येही या दोन मेथड आसन क्रमांकावर स्वतः लिहाव्या लागतील. ‘कंपेअरटू’ रेकॉर्ड देत नाहीच.

याच जागी दुहेरी बरोबर-चिन्हाचा (==) सापळा आहे. गैरहजर विद्यार्थ्यासाठी नल ठेवता यावे म्हणून गुण ‘इंटिजर’ प्रकारात घेतले, आणि दोन बेरजा दुहेरी बरोबर-चिन्हाने तपासल्या, तर शंभरपैकीच्या गुणांवर सगळे ठीक चालते. जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर एकदाच बनवून पुन्हा पुन्हा वापरते. बेरीज ४८७ झाली की दोन वेगळे ऑब्जेक्ट बनतात, आणि ४८७ बरोबर ४८७ याचे उत्तर ‘नाही’ असे येते. वर सांगितलेले सामाईक क्रमांक असे तपासले तर एकही क्रमांक सामाईक होणार नाही. एका विषयाच्या यादीवर कोड तपासून एकूण यादीवर चालवणाऱ्याला हे शोधायला दिवस जातो.

राहिली मराठी नावे. लेखात नावांची तुलना स्ट्रिंगच्या ‘कंपेअरटू’ने करून ‘वर्णानुक्रम’ मिळाल्याचे म्हटले आहे. मिळतो तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा ठरवून देणाऱ्या मानकाच्या, आकड्यांचा क्रम. देवनागरीची ही आकडेवारी इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या मांडणीवरून आली, आणि ती मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच तक्त्यात बसवणारी होती. त्यात ‘ल’ २३५४ वर, ‘ळ’ त्याच्या लगेच पुढे २३५५ वर, ‘व’ २३५७ आणि ‘ह’ २३६१. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. त्यामुळे काळे हे कावळे, काशीद, कासार यांच्या आधी लागतात, जिथे वर्णमालेप्रमाणे ते सर्वांच्या मागे हवेत. क्षीरसागर ‘क’मध्ये, तेही कोरे आणि कौलगुड यांच्यानंतर, कारण हलन्ताचा आकडा २३८१ सगळ्या नेहमीच्या मात्रांच्या पुढे आहे. कोणी म्हणेल काही कोशांत ‘क्ष’ ‘क’खालीच असतो. असतो, मग तसे ठरवून लिहावे. कदम, काकडे, खरे, गायकवाड अशी यादी बरोबर लागते, आणि बहुतेक यादी बरोबर दिसते म्हणूनच उरलेली चूक कोणी शोधत नाही.

‘ॲ’ची गंमत वेगळी. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आले आणि त्याला जागा मिळाली २४१८, सगळ्या व्यंजनांच्या आणि देवनागरी आकड्यांच्याही मागे. वसई किंवा गोव्याकडची ॲग्नेस, ॲलिस ही नावे ‘ह’च्या खाली, यादीच्या तळाशी. तेच नाव कोणी ‘अ’ला चंद्र जोडून टाइप केले असेल तर ते ‘अ’मध्ये, ‘आ’च्या आधी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, ‘इक्वल्स’ला वेगळी, आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. कऱ्हाडकर आडनावातल्या ‘ऱ्ह’चेही तसेच. नुक्त्याचा ‘ऱ’ एका आकड्याने लिहिला काय किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा लिहिला काय, नॉर्मलायझरने दोन्ही एक होतात. पण ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, असे टाइप केलेले तिसरे रूप एक होत नाही. ती बदली आपण स्वतः करायची. जोडक ही मोकळी जागा नसल्याने ‘स्ट्रिप’नेही तो निघत नाही.

उपाय असा: नाव आत घेतानाच एकदा स्वच्छ करावे, म्हणजे कडेच्या जागा काढणे, नॉर्मलायझर, ‘ॲ’ची दोन रूपे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ची रूपे एक करणे. क्रमासाठी कोलेटर, म्हणजे भाषेच्या नियमांनी स्ट्रिंगची तुलना करणारा क्लास, वापरावा, पण मराठी लोकेल (भाषेची निवड) दिला म्हणजे मराठी क्रम मिळाला असे गृहीत धरू नये. काकडे, कालेकर, कावळे, कासार, काळे, क्षीरसागर, ज्ञाते, ॲलिस ही नावे उलटसुलट करून लावून पाहावीत. हवा तो क्रम नाही आला तर रूल-बेस्ड कोलेटरला नियम स्वतः द्यावे लागतील किंवा आयसीयू हे युनिकोडसाठीचे तयार कोडचे ग्रंथालय (लायब्ररी) घ्यावे लागेल. कोलेटरच्या लेखी दोन वेगळ्या स्ट्रिंग शून्य ठरू शकतात, म्हणून त्याच्याही मागे आसन क्रमांकाची कडी हवीच. मोठ्या यादीसाठी ‘कोलेशन की’ (तुलनेसाठी आधीच तयार केलेली नावाची रूपे) एकदाच काढून ठेवल्या तर वेळ वाचतो. नाव-यादीत आसन क्रमांक स्ट्रिंग म्हणून ठेवला असेल तर ‘१०’ हा ‘९’च्या आधी लागेल, ‘पार्सइंट’ला देवनागरी आकडे चालतात, तेव्हा पूर्णांकात बदलून घ्यायला अडचण नाही.

दुसऱ्या भाषांकडे वळणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. पायथनमध्ये समानतेची मेथड लिहून हॅशची लिहिली नाही, तर तो ऑब्जेक्ट सेटमध्ये घालताच येत नाही, भाषा तिथेच अडवते. जावापेक्षा हे बरे. सी प्लस प्लसमध्ये उलट: सॉर्टला ‘लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ अशी तुलना दिली तर काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही, आणि सारखे गुण असलेले बरेच जण आले की प्रोग्राम यादीच्या बाहेरची मेमरीही वाचू शकतो.

तपासणीची एक साधी रीत लेखात घालता येईल. मुद्दाम सारखे गुण, सारखी नावे, अगदी जवळचे आकडे असलेले पन्नास विद्यार्थी घ्यावेत. प्रत्येक जोडीसाठी उलट तुलना केल्यावर चिन्ह उलटते का, आणि प्रत्येक त्रिकुटासाठी साखळी टिकते का, हे तीन लूप लावून पाहावे. पन्नासांची त्रिकुटे १,२५,००० होतात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून होतात. लेखातला ‘कंपेअरटू’ यात पहिल्याच फेरीत सापडतो.

पुढच्या भागासोबत निदान वजाबाकीची ओळ, ट्रीसेटचा सल्ला आणि क्रमांक देण्याची पद्धत यांची दुरुस्ती छापावी, ही विनंती. दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत पुरवणी कापून वहीत चिकटवणारी मुले आहेत.

आपले,
संगणकशास्त्र शिकवणारे दोन वाचक, सांगली